पारूबाईंच्या संडासातली टाकी

मित्रांनो, नाकाला पदर लावू नका. मी संडासात राहते हे खरं, पण माझ्या पोटात चांगल्या पाण्याशिवाय कधी काही गेलेलं नाही. म्हणजे एक प्रसंग सोडला तर. तो पुढे येईलच.

मी फ्लशची टाकी. पांढऱ्या प्लास्टिकची, आता जराशी पिवळट पडलेली. डोक्यावर एक बटण आहे. ते दाबलं की माझ्यातलं सगळं पाणी एकदम खाली कमोडात जातं, आणि मग मी पुन्हा हळूहळू भरत बसते. ओतायचं आणि भरायचं, जन्मभर एवढंच काम. तुमच्या घरातल्या बायकांना हे सांगाल तर त्या म्हणतील, मग आमचं तरी काय वेगळं आहे?

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात घातले, साचा उघडला आणि मी बाहेर पडले. आईचं तोंड काही बघायला मिळालं नाही, पण माझ्याच नाकाडोळ्यांच्या बहिणी एकीवर एक रचलेल्या होत्या. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मला आळेफाट्याच्या एका हार्डवेअरच्या दुकानात आणलं, आणि तिथे मी बरीच वर्षं नुसती बसून काढली.

त्या दुकानात मान होता तो शेतात जाणाऱ्यांना. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आली तशी संपायची. फवारणीचे पंप, ताडपत्र्या, मोटारीचं सामान, सगळ्यांना गिऱ्हाईक. मला हात लागायचा तो धूळ झटकण्यापुरता. एखादा पाव्हणा मला निरखून विचारायचा, ह्यात काय ठिवत्यात? दुकानदार सांगायचा, संडासात लावतात, बटण दाबलं की आपलं आपण पाणी पडतं. पाव्हणा हसायचा. म्हणायचा, बादली ओतायला देवानं हात दिल्यात की राव.

मला तेव्हा वाईट वाटायचं. आता वाटत नाही. ज्याचे हातपाय धड आहेत त्याला माझी किंमत कळावी कशी? त्यासाठी आधी काहीतरी मोडावं लागतं.

पिंपरी पेंढारच्या पारूबाईंचं मांडीचं हाड मोडलं. टोमॅटोची तोडणी चालली होती, सरीत ओल होती, पाय घसरला. दवाखान्यात आत सळी घातली. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावून सांगितलं की आता उकिडवं बसणं बंद, कायमचं. आणि त्यांच्या घरचा संडास अंगणाच्या पलीकडे, खाली बसायचा.

तेव्हा त्यांचा मुलगा कपिल दुकानात आला. तो चाकणला कारखान्यात कामाला आहे, सुट्टी मिळेल तसा घरी येतो. त्यानं एक कमोड घेतला आणि वरच्या फळीवरून मला उतरवलं. पडवीच्या कोपऱ्यात भिंत घालून छोटी खोली केली आणि कमोडाच्या मागे भिंतीवर मला पक्कं बसवलं. माझ्या शेजारीच झडपांची खिडकी आहे. ती अंगणात उघडते. त्यामुळे अंगणातलं सगळं मला ऐकू येतं, न ऐकण्यासारखंसुद्धा.

घरात रोजची माणसं तीनच. पारूबाई, त्यांचे मालक तुळशीदास, ज्यांना सगळे नाना म्हणतात, आणि कपिलची बायको रत्ना. रत्ना आळेफाट्याला औषधांच्या दुकानात कामाला आहे. सकाळी स्कूटीवर जाते ती दिवेलागणीला परत येते. ही तिन्ही माणसं मी ओळखते ती पाठीवरून. कमोडावर बसलेल्या माणसाची पाठच माझ्याकडे असते, त्याला कोण काय करणार! पण पाठही पुष्कळ बोलते. रत्नाची पाठ घाईत असते. नानांची ताठ असते, पंचायतीत बसल्यासारखी. पारूबाईंची पाठ पहिल्या दिवशी आली तेव्हा थरथरत होती. मग त्यांनी वॉकर भिंतीला टेकवला, हात लांब करून दाराची कडी लावली, आणि ती पाठ हळूच सैल झाली. दवाखान्यात गेल्यापासून कडी लावून असं एकटं बसणं त्यांना मिळालेलंच नव्हतं.

सुरुवातीला माझं कौतुक नव्या नवरीसारखं झालं. शेजारच्या लंकाबाई "जयभीम पारूबाई" म्हणत तब्येत विचारायला यायच्या, पण नजर सगळी पडवीच्या कोपऱ्याकडे. शेवटी एकदा त्या आत शिरल्याच. बटण दाबलं, पाणी पडताना डोळे भरून बघितलं आणि लगेच पुन्हा दाबलं. मी भरलेच नव्हते, तर ओतणार काय?

"दमली वाटतं," लंकाबाई म्हणाल्या.

"दम खाऊ दे की तिला बी," पारूबाई दारातून म्हणाल्या. "बाईमानूसच हाय ती."

मित्रांनो, माझी एवढी बाजू आजवर कुणी घेतली नव्हती.

बरेच दिवस सुखाचे गेले. पण कौतुक हे काही रोज होत नाही, आणि रोज होत नाही ते हळूहळू विसरलं जातं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. त्यात क्षार फार. तांब्यावर, माठावर, नळाच्या तोंडाशी त्याचा पांढरा थर बसतो, तसा तो माझ्या आतही बसत गेला. माझं झाकण उचलून आत बघावं असं कुणाला सुचलं नाही. घरातले माठ घासले जायचे. मी भिंतीवर टांगलेली, मला कोण घासणार! पुढे पुढे बटण दाबलं तरी पाणी रडत रडत पडायला लागलं.

नानांनी ते बघितलं आणि सांगितलं, दोन मिनिटांचं काम आहे.

आता नाना म्हणजे ठिबकातले वस्ताद. गावात कुणाची नळी तुंबली की बोलावणं नानांना येतं. नळीत क्षार साठला की शेतकरी पाण्यातून ॲसिड सोडतात, रात्रभर तसंच ठेवतात आणि सकाळी नळ्या धुऊन काढतात. नानांनी ते इतक्या वेळा केलं आहे की त्यांना जगातल्या सगळ्या दुखण्यांवर तेच औषध दिसतं. शेतातला कॅन घेऊन ते आत आले. पारूबाईंनी दारातूनच शंका काढली, की आतलं रबरबिबर जळलं म्हणजे? नाना म्हणाले, "अख्ख्या शिवाराच्या नळ्या धुतल्यात म्या. क्षार हिथून तिथून सारखाच. तुझ्या एका टाकीचं काय घिऊन बसलीस."

हाच तो प्रसंग. ते पाणी मी रात्रभर पोटात धरून होते. काय सोसलं ते माझं मला ठाऊक. सकाळी क्षार गेला हे मात्र मान्य करायला हवं. मी आतून नवीन दिसत होते, आणि नाना मिशीवरून हात फिरवत होते.

पण माझ्या तळाशी एक रबराची रिंग असते. पाणी अडवून धरायचं काम तिचं. नळीत असं रबर नसतं, म्हणून नानांच्या ते ध्यानातच आलं नाही. ॲसिडनं ती रिंग पार खराब करून टाकली, चोखलेल्या गोळीसारखी मऊ आणि चिकट. आता पाणी माझ्यात थांबेना. बटण न दाबताच कमोडात धार लागायची. वरून नळ भरतोय, खालून मी गळतेय. मी कधी भरायचीच नाही, आणि दिवसभर नुसती सुस्कारत बसायची.

दिवस चैत्राचे. बोअर पाणी देईना, वीज यायची ती वेळी-अवेळी, आणि गच्चीवरची टाकी माझ्यामुळे दुपारच्या आत रिकामी. स्वयंपाकाला पाणी नाही असं झालं तेव्हा नानांनी माझा कॉक बंद केला आणि जाहीर केलं, टाकी बंद, आता सगळ्यांनी बादलीनं ओतायचं.

सगळ्यांनी म्हणजे पारूबाईंनीही. पण वॉकर धरलेला माणूस बादली कशी उचलणार? म्हणजे त्यांच्या मागून दुसऱ्या कुणीतरी आत यायचं. सकाळ-संध्याकाळ रत्ना असायची. दिवसभर नाना. मग दाराला कडी लावता येत नव्हती. नाना बाहेर बादली घेऊन उभे राहायचे, खाकरायचे आणि थोड्या वेळानं विचारायचे, झालं का? माणूस चांगला आहे हो. पण दाराबाहेर कुणी "झालं का" विचारत उभं असलं की चांगल्या चांगल्यांचं होत नाही. पारूबाईंची पाठ पुन्हा आखडली.

मग त्या कमी येऊ लागल्या.

ही गोष्ट घरात कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्या आली. दुपारची खेप बंद झाली, मग सकाळ ते संध्याकाळ मधे काहीच नाही. अंगणातून मला ऐकू यायचं, लंकाबाई चहाला बोलवायच्या आणि पारूबाई म्हणायच्या, उन्हाचा चहा नको वाटतो. रत्ना सकाळी उशाशी तांब्या भरून ठेवायची. संध्याकाळी तो तसाच. रत्ना रागवायची की अहो आई, ह्या उन्हात पाणी का पीत नाही? पारूबाई म्हणायच्या, तहानच लागत नाय गं. साफ खोटं! ओठ सुकून पापुद्रे सुटले होते त्यांचे. पण खोटं आहे हे सांगणार कोण? मला तोंड नाही, आणि जे होतं तेही बंद करून ठेवलेलं.

एका दुपारी पडवीतून जाताना त्यांना गरगरलं. चौकट हाताला लागली म्हणून पडल्या नाहीत. संध्याकाळी रत्नानं साखर-मीठ घातलेलं पाणी पाजलं. नानांनी भागू फिटरला फोन केला. भागू उद्या येतो म्हणाला. त्यानं आधीही उद्याच सांगितलं होतं. कपिलनं फोनवर सांगितलं की सुट्टी मिळाली की नवीन टाकीच आणून बसवतो, पण सुट्टी काही मिळत नव्हती. हे सगळं बोलणं अंगणात चाललं होतं आणि मी इथे बंद कॉकनं कोरडी टांगलेली. नवीन टाकी म्हणजे माझी रवानगी भंगारात, हे न कळण्याइतकी मी काही लहान नाही. पण खरं सांगते, त्या घडीला मला माझं काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रत्ना दुकानातून येताना एक मोठं पुडकं घेऊन आली. अंगणात सासूच्या खाटेजवळ बसली. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"आई, हे मोठ्या माणसांचे डायपर. तात्पुरते. म्हणजे कुणाला हाक मारायला नको, आणि उठता-बसता पडायची भीती नको."

पारूबाईंनी पुडकं चाचपल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तू मायेनं आनलंस, मला कळतंय रत्ना. पर एकदा का हे नेसलं, की मला कुनी ऊठ म्हननार नाय गं."

पुडकं तसंच कपाटावर गेलं. पण रत्ना आत येऊन बसली तेव्हा तिची पाठ पहिल्यांदाच घाईत नव्हती. ती रडत होती.

सकाळी रत्ना कामाला गेली, नाना कांदा साठवायच्या चाळीकडे गेले, आणि वॉकरचा आवाज माझ्या दिशेनं आला. पारूबाई एकट्या आल्या. कमोडाचं झाकण त्यांनी पाडलं, आणि त्या झाकणावर आडव्या बसल्या, माझ्याकडे तोंड करून. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून तेव्हा बघितला. कपाळावर हिरवं गोंदण आहे, हे मला माहीतच नव्हतं.

"काय गं," त्या म्हणाल्या, "काय झालंय तुला?"

आणि त्यांनी माझं झाकण उचललं.

बराच वेळ त्या आत बघत होत्या. मग झंपराच्या आत खोचलेली निळीची बाटली काढली. बुद्धपौर्णिमेला नेसायच्या पांढऱ्या पातळासाठी आणलेली. माझा कॉक उघडून त्यांनी मला भरू दिलं, जरा भरल्यावर तो बंद केला, आणि निळीचे थेंब आत सोडले. मग जराशा उठून कमोडाचं झाकण वर केलं आणि वाट बघत उभ्या राहिल्या. बटणाला हातसुद्धा लावला नव्हता. तरी पांढऱ्या भांड्यात एक निळी रेघ उतरली.

पारूबाई एकट्याच हसल्या. "शिट्टी बरी हाय," त्या मला म्हणाल्या, "रिंग गेलीय तुझी."

नानांना सगळीकडे नळी दिसते, तसा पारूबाईंना सगळीकडे कुकर दिसतो. वाफ सुटली की रिंग बघायची, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. माझ्यातलं निळं पाणी त्यांनी बटण दाबून सोडून दिलं. पाणी सोडणारा आतला खांब धरून कुकरच्या झाकणासारखा हलकेच फिरवला, तर तो निघाला. त्याच्या बुडाला ती रिंग होती. बोटं काळी झाली. कुकरची रिंग सैल पडली की बायका ती उलटी करून लावतात आणि आणखी थोडे दिवस काढतात. पारूबाईंनी तेच केलं. रिंग पुसली, उलटी बसवली, खांब जागेवर फिरवला, कॉक सोडला.

मी भरले! काठोकाठ भरले आणि थांबले. पारूबाई पडवीत गेल्या आणि तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायल्या. मला इथे ते ऐकू आलं.

पण जळलेलं रबर ते. दुपार कलली आणि पुन्हा थेंब गळायला लागला, मग धार. असा राग आला मला माझा. वॉकर परत आला. पारूबाईंनी काही त्रागा केला नाही. झाकण काढून, खांब मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या, आणि नाना दारात आले तेव्हा त्यांना तशाच सापडल्या, निळ्या-काळ्या हातांच्या.

"पारू, पडली असतीस म्हंजे?"

"बसल्यावर कोन पडतं?" असं म्हणून त्यांनी रिंग पुढे केली.

नानांनी ती हातात घेतली. दाबली. वास घेतला. बोटाला चिकटली ती झटकून बघितली. "ॲसिडनं खाल्ली व्हय," ते हळूच म्हणाले.

"व्हय."

पारूबाई यापुढे एक शब्द बोलल्या नाहीत. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर नानांना बरं वाटलं असतं, असं त्यांचं तोंड झालं होतं. थोड्या वेळानं पारूबाईंनीच विचारलं, की नळी फुटली म्हणजे तुम्ही पट्टी कशाची बांधता?

नाना वळले आणि अवजारांच्या खोलीत गेले. येताना मोटारसायकलची जुनी ट्यूब आणि कात्री आणली. जुनी रिंग ठेवून खडूनं गोल काढला, कापला. तो बसेना. ट्यूब अरुंद, तिचा मूळचा बाक जाईना, एक कड सारखी वर यायची. नाना पुन्हा गेले. या वेळी ट्रॅक्टरची ट्यूब आली, रुंद आणि जाड. पारूबाई सांगत होत्या आणि नाना कापत होते. गुळगुळीत बाजू खाली घ्या. कडेला खाचा नका पाडू. मधलं भोक आधी लहानच ठेवा, मोठं करता येतं, लहान नाही करता येत. एरवी नानांना कुणी असं शिकवलं असतं तर कात्री फेकून ते चालते झाले असते.

रिंग बसली. मी भरले. पुन्हा नीळ पडली. आणि दोघं नवरा-बायको, ती भिंतीला टेकून आणि ते उंबऱ्यावर बसून, कमोडात टक लावून वाट बघायला लागली. तेवढ्यात लंकाबाई अंगणातून पडवीत आल्या.

"जयभीम. काय सिनेमा लागलाय का?"

"गप ऱ्हा," पारूबाई म्हणाल्या. "शेवटाला आलाय."

लंकाबाईही वाकून बघायला लागल्या. भांडं पांढरं होतं. बराच वेळ पांढरंच राहिलं. मग नाना उठले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला.

लंकाबाई गेल्या. पारूबाईंनी नानांना बाहेर जायला सांगितलं. दार लागलं, कडी लागली. माझ्याकडे पाठ आली, ती मी पहिल्या दिवशी बघितली होती तशी सैल. नाना सवयीनं बाहेर उभे होते. बादलीच्या कडीचा आवाज आला.

"आता बादली घिऊन कशाला थांबलाय?" पारूबाई आतून म्हणाल्या. "जावा तुमी चाळीकडं."

आणि त्यांनी माझं बटण दाबलं.

रत्नानं संध्याकाळी सगळं ऐकलं, झाकण उघडून माझ्यातली रिंग बघितली आणि सासूकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ते पुडकं जसं आलं तसं दुकानात परत गेलं. कपिल पुढे सुट्टीवर आला तेव्हा त्यानं माझ्या मापाची बाजारातली रिंग आणली आणि आईकडून शिकून बसवली. नवीन टाकीचं नाव त्यानं काढलं नाही. आता क्षाराला लिंबू आणि दातांचा जुना ब्रश असतो, आणि ते काम नाना करतात. गावात कुणी टाकीत ॲसिड टाकायला निघालं तर नाना त्याला थांबवतात. म्हणतात, तसलं काय करू नका राव, रबर जातं, आमच्या वळखीच्या एकाचं गेलं. तो एक कोण, ते सांगत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंचं मागणं फार नसतं. अधूनमधून झाकण उघडा, आत बघा, ज्याला जे औषध तेच द्या. आणि बिघडलं म्हणून लगेच फेकू नका, कधी कधी बोटभर रबराचीच गोष्ट असते. पण आज मला माझ्यापेक्षा दुसरंच सांगायचं आहे. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस एकाएकी पाणी कमी प्यायला लागलं, चहा नको म्हणायला लागलं, तहानच लागत नाही असं सांगायला लागलं, तर त्याच्यावर रागावू नका. आधी उठा आणि संडासात जाऊन बघा काय मोडलंय. कडी लागते का बघा. टाकी भरते का बघा. नीट करता येत असेल तर स्वतः बसून करा, आणि ते माणूस शेजारी बसून काही सांगत असेल तर ऐका.

झालं की माझं झाकण मात्र आठवणीनं परत लावा. लाज काय, आम्हालाही असते.